जेथे आमचा दिवा पोहोचला नव्हता

शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता 104, वचने 24 ते 26



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका गावी उपासना आटोपून आम्ही ओट्यावर बसलो असता, मंडळीतील एका तरुणाने आपल्या मोबाइलवर एक छायाचित्र आम्हांस दाखविले. समुद्राच्या अत्यंत खोल भागी घेतलेले ते चित्र होते. काळ्याकुट्ट पाण्यात एक जेलीमासा तरंगत होता आणि त्याचे अंग डाळिंबाच्या दाण्यासारखे तांबडे होते. शेजारी एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही; त्यांस ठाऊक असलेले खोलातले खोल पाणी म्हणजे गावच्या विहिरीचे. त्यांनी ते चित्र पुष्कळ वेळ न्याहाळिले आणि विचारिले, "पाळकसाहेब, जिथं ऊन पोचत नाही, माणूस पोचत नाही, तिथं देवानं एवढा रंग कुणासाठी घातला?"

त्या वेळी आम्ही काही उत्तर दिले खरे, परंतु ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. म्हणून आज त्या प्रश्नाचा विचार आपणां सर्वांबरोबर करण्याचे योजिले आहे.

स्तोत्रकर्त्याने समुद्र केवळ काठावरून पाहिला होता. त्याजपाशी पाणबुडी नव्हती आणि कॅमेराही नव्हता. तथापि त्या विस्तीर्ण जलाशयात लहानमोठ्या अगणित जीवांची वस्ती आहे, आणि ती सर्व देवाच्या ज्ञानाची करणी आहे, अशी साक्ष त्याने दिली. जे त्याने विश्वासाने सांगितले, त्याचा थोडासा भाग आज मनुष्यास डोळ्यांनी पाहावयास मिळत आहे. तो कसा, हे प्रथम पाहू.

1893 साली फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या काठी बान्युल्स नामक गावी, लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने पाणी आत शिरणार नाही अशा पेटीत कॅमेरा ठेवून समुद्राच्या पोटातील छायाचित्रे काढिली. पुढे 1926 साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रात लाँगले व मार्टिन या दोघांनी माशांची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. पाण्याखाली उजेड पडावा म्हणून ते वर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. एकदा तिचा भडका उडून लाँगले यांस भाजलेही. एवढी यातायात करण्याचे कारण असे की, समुद्रात खाली जाऊ लागले म्हणजे प्रथम तांबडा रंग लोपतो, मग पिवळा, आणि शेवटी केवळ निळसर अंधार उरतो. 1,000 मीटरच्या खाली तर सूर्याचा एक किरणही उतरत नाही. तेथे जो आपला दिवा घेऊन जाईल त्यालाच रंग दिसेल.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवा रंग निर्माण करीत नाही. तांबडा जीव दिवा येण्यापूर्वीही तांबडाच होता. आम्हांस तो दिसला नाही, यात उणेपणा त्याच्या ठायी नसून आमच्या दृष्टीच्या ठायी होता.

परंतु मनुष्याचा स्वभाव असा आहे की, जे आपणांस दिसत नाही ते नाहीच, असे तो म्हणतो. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड फोर्ब्स नावाचे एक थोर ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. 1841 साली ते ग्रीस देशाजवळील इजियन समुद्रात जहाजावरून जाळे सोडून जीव गोळा करीत होते. जाळे जसजसे खोल जाई, तसतसे त्यात जीव कमी येत. यावरून त्यांनी 1843 साली असे अनुमान मांडिले की, 300 वाव, म्हणजे सुमारे 550 मीटर, याच्या खाली बहुधा जीवसृष्टी नाही. पुष्कळ विद्वानांनी हे अनुमान मानिले. परंतु इजियन समुद्राचा तळ मुळातच इतर समुद्रांच्या मानाने जीवांविषयी दरिद्री आहे; आणि फोर्ब्स यांचे जाळेही त्या मर्यादेपर्यंत पोहोचले नव्हते. एका ठिकाणी, आखूड दोरीने जे आढळले, त्यावरून सर्व महासागरांचा निवाडा झाला!

हा निवाडा टिकला नाही. 1872 ते 1876 पर्यंत 'चॅलेंजर' जहाजाने जगाचे समुद्र हिंडून पुष्कळ खोल पाण्यातून जीव वर आणिले. परंतु जाळ्याने सर्व काही कळत नाही. पुष्कळ जेलीमाशांचे अंग इतके नाजूक असते की, जाळ्यात सापडताच त्याच्या चिंध्या होतात आणि वर केवळ बुळबुळीत लगदा येतो. त्याचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर त्यास आपल्याकडे ओढून चालत नाही. तो जेथे राहतो तेथे आपणांस उतरावे लागते. हे काम कॅमेऱ्याने केले.

1977 सालच्या फेब्रुवारी महिन्यात दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रात, काही भूगर्भशास्त्रज्ञांनी लोखंडी सांगाड्यात कॅमेरा बसवून तो सुमारे 2,500 मीटर खोल तळावरून ओढीत नेला. समुद्राच्या तळातून ऊन पाण्याचे झरे निघतात की काय, एवढेच त्यांस पाहावयाचे होते. जीवजंतू सापडतील अशी कोणाची अपेक्षाच नसल्यामुळे जहाजावर एकही प्राणिशास्त्रज्ञ घेतलेला नव्हता. कॅमेऱ्याने सुमारे 3,000 छायाचित्रे काढिली. बहुतेकांत काळा उजाड खडक होता. परंतु 13 छायाचित्रांत शेकडो पांढऱ्या शिंपल्यांची दाट वस्ती दिसली! मग माणसे पाणबुडीतून स्वतः खाली गेली, तेव्हा उन्ह झऱ्यांभोवती शिंपले, खेकडे, आणि पांढऱ्या नळीत राहणारे, तांबड्या तुऱ्याचे लांबलचक कृमी त्यांनी पाहिले. पूर्ण वाढ झालेल्या त्या कृमीस तोंड नाही व आतडेही नाही. कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी ज्या वायूस येते, त्याच वायूपासून अन्न तयार करणारे सूक्ष्म जंतू त्याच्या पोटात वस्ती करितात, आणि त्यांवर त्याचे पोषण होते. जेथे सूर्य नाही, हिरवे पान नाही, तेथेही देवाने पंगत मांडिली आहे.

आणखी ऐका. आपल्या कोकणात ज्यास माकूल म्हणतात, त्याच्या जातीचा एक प्रचंड प्राणी आहे. त्याची प्रेते किनाऱ्यास लागत, म्हणून तो ठाऊक होता. परंतु त्याच्या घरी जिवंत असताना त्याचे छायाचित्र प्रथम 2004 साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ सुमारे 900 मीटर खोल पाण्यात मिळाले. एवढा अवाढव्य जीव इतकी वर्षे छायाचित्रात सापडू नये, यावरून समुद्र किती अफाट आहे हे समजते. आजवर शास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक जातींच्या समुद्री जीवांस नावे दिली आहेत. तरी 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खोल समुद्राच्या तळाचा एक लक्षांशही मनुष्याने अद्याप डोळ्यांनी वा कॅमेऱ्याने पाहिलेला नाही.

बंधुजनहो, फोर्ब्स यांस हसणे सोपे आहे. परंतु हे लिहीत असता आमचे मन आम्हांस दोष देते. नदीपलीकडील एका वाडीत आमच्या मंडळीची चार घरे होती. ती माणसे वर्षातील सहा महिने ऊसतोडीस बाहेर जात. आम्ही दोनदा तेथे गेलो. दोन्ही वेळा दारांस कुलपे. आम्ही परत आलो आणि नोंदवहीत लिहिले की, येथे विश्वास उरलेला नाही. त्यानंतर पाच वर्षे आम्ही त्या वाटेस फिरकलो नाही. मग एके दिवशी निरोप आला की, तेथील एक म्हातारी बाई वारली आहे, मूठमाती देण्यास यावे. गेलो तेव्हा कळले की, त्या बाईस एक अक्षर वाचता येत नव्हते, तरी उसाच्या फडावर, कोपीसमोर, रोज सायंकाळी ती मुलांना जवळ घेऊन प्रार्थना शिकवीत असे. कबरेपाशी दहा वर्षांच्या तिच्या नातीने एक संपूर्ण स्तोत्र न अडखळता म्हटले. त्या बाईस पाच वर्षे प्रभुभोजन मिळाले नव्हते. तिचा विश्वास कमी पडला नव्हता. आमची दोरी आखूड पडली होती. आम्ही जे ठिकाण जीवरहित म्हणून लिहून ठेविले, तेथे देवाचा आत्मा आमच्या आधी पोहोचला होता.

यास्तव सुवार्तिक बंधूंनो, कोणत्याही वाडीविषयी, घराविषयी, किंवा चुकल्या मुलाविषयी, येथे काही नाही असे म्हणण्यापूर्वी आपण खरोखर किती खोल उतरलो होतो, हे प्रथम आपणांस विचारा. आपला प्रभू स्वर्गातून जाळे टाकून आम्हांस वर ओढीत बसला नाही. तो आमच्या अंधारात उतरून आमच्यात राहिला. त्याच्या सेवकांसही दुसरी रीत नाही.

आणि जे आपण एकटे, कोणाच्या नजरेस न येता, दारिद्र्य व तिरस्कार यांच्या भाराखाली राहता, त्यांनी हे ऐकावे. 2022 साली जपानजवळच्या समुद्रदरीत 8,336 मीटर खोल एक लहानसा मासा पोहताना कॅमेऱ्यास दिसला. तेथे एका नखाएवढ्या जागेवर आठशे किलोंहून अधिक भार पडतो. आम्हांस वाटेल की, या माशाचे अंग पोलादासारखे असेल. परंतु तो मऊ, जेलीसारखा आहे. त्याच्या पोटात हवेची पोकळी नाही, म्हणून चिरडण्यासारखे काही नाही; जितका भार बाहेरून, तितकाच आधार आतून. आपणांसही कठोर होण्याचे कारण नाही. आत पोकळी नसावी, एवढेच पुरे.

आता त्या वृद्ध बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. देवाने तो रंग कोणासाठी घातला? प्रथम त्या जीवासाठीच. खोल पाण्यात तांबडा उजेड पोहोचत नाही, म्हणून तांबडे अंग तेथे काळे भासते आणि शत्रूस दिसत नाही. ज्यास आम्ही शोभेचा पोशाख समजलो, ते देवाने त्या मुक्या जीवावर घातलेले पांघरूण आहे. आणि दुसरे, स्वतःसाठी. ईयोबाच्या पुस्तकात देव ईयोबास विचारितो की, समुद्राच्या तळाशी तू कधी फिरला आहेस काय? ईयोबापाशी उत्तर नव्हते. सर्व काही आमच्या डोळ्यांकरिताच केले आहे, हा आमचा गर्व होय. पाहणारा तेथे सदैव होता. त्याने उसाच्या फडावरील ती कोपीही पाहिली.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक मंडळीने आपली नोंदवही काढावी, आणि ज्या नावांसमोर रेघ मारलेली आहे, त्यांपैकी एका तरी दारी दिवा घेऊन जावे. रिकाम्या हाताने परत आलात, तरी पुन्हा जावे. 3,000 छायाचित्रांतील उजाड खडक पाहून जे थांबले नाहीत, त्यांसच त्या 13 छायाचित्रांचा लाभ झाला.

हे प्रभो, खोल पाण्यातील मुक्या जीवांस तू जाणतोस. आमची आखूड दोरी व आमचा उतावळा निवाडा यांची आम्हांस क्षमा कर, आणि जेथे तू आधीच आहेस तेथे आम्हांस पाठीव. आमेन.