तीन दले आणि चौथे दल

श्रावणात लक्षबिल्वार्चनासाठी बेल निवडण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. पाने धुवावयाची, किडलेली व खंडित बाजूस सारावयाची आणि शंभर-शंभरांचे वाटे लावावयाचे. एके वर्षी चार दलांचे एक पान हाती आले. मी ते निमूटपणे टाकाऊ पानांत सरकविले. वडिलांनी ते उचलून विचारले, “हे का टाकलेस? कीड आहे काय याला?” कीड नव्हती. बेलास तीनच दले असतात हा माझा सिद्धान्त त्याने बिघडविला, एवढाच त्याचा अपराध!

संख्या सृष्टीत असते, की आपणच निवडानिवड करून ती तेथे नेऊन ठेवतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

सृष्टीत गणित आहे, हे नाकारता येणार नाही. सूर्यफुलाच्या तबकातील बियांच्या वळत गेलेल्या ओळी मोजाव्या. एका अंगास वळणाऱ्या ३४, तर दुसऱ्या अंगास वळणाऱ्या ५५ भरतात. फूल मोठे असल्यास ५५ आणि ८९. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढील संख्या, अशी ही माला. इटलीच्या फिबोनाचीने ती १२०२ साली लिहिली म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. परंतु आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गुजरातेत राहत आलो, तेथील आचार्य हेमचंद्रांनी सुमारे पन्नास वर्षे आधी तीच माला दिली होती, आणि तीही छंदःशास्त्रात! लघु-गुरूंच्या मांडणीने दोन मात्रांचे दोन प्रकार होतात, तिहींचे तीन, चारांचे पाच, पाचांचे आठ.

मग सूर्यफूल मोजते काय? नाही. प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जेथे अधिक मोकळीक मिळेल तेथे फुटतो. लागोपाठच्या दोहोंतील कोन बहुधा १३७.५ अंशांच्या जवळ येतो, आणि त्यातून या संख्या आपोआप उमटतात. १९९२ मध्ये दुआदी व कुदेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब एकमेकांस दूर लोटतील अशी योजना करून हीच नक्षी निर्जीव थेंबांकडून काढविली. थेंबांस अंक कोणी शिकविले? तेथे गणित होते; गणना मात्र पाहणाऱ्याची.

आणि गणना आपली म्हटल्यावर तिच्या खरेपणाचा भारही आपणांवरच येतो. प्रत्येक फुलाच्या पाकळ्या या मालेतीलच असतात, असे हल्ली सर्रास ऐकू येते. जास्वंदीच्या पाच, रुईच्या पाच, हे खरे. पण मोहरीच्या फुलास चार असतात, आणि पारिजातकाचा तर नेमच नाही. इंग्लंडात सामान्य लोकांच्या साह्याने केलेली ६५७ सूर्यफुलांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचांत सुमारे एक फूल नियमास सरळ जुळले नाही. मोजणाऱ्यांनी ती फुले वगळली नाहीत. जशी आढळली तशी छापली.

वडिलांनी ते चार दलांचे पान देवघरात ठेविले होते. ते वाळून गेले, तरी मी जपले आहे. अशी पाने अधूनमधून अजून हाती येतात. ती आता मी टाकीत नाही. फक्त शंभरांच्या वाट्यात धरावी की वेगळी ठेवावी, हे वडिलांस विचारावयाचे राहून गेले आहे.