दूरच्या देशासाठी प्रार्थना कशासाठी?



दर रविवारी पवित्र मिस्सात विश्वासांगीकार झाला की श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू होतात. प्रथम ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी, आणि मग जगात जेथे जेथे युद्ध, छळ आणि अशांतता आहे तेथील लोकांसाठी. सुदान, म्यानमार, गाझा, युक्रेन, नायजेरिया अशी नावे वाचली जातात. आपण सारे एका सुरात प्रतिसाद देतो. कोणी घड्याळाकडे पाहतो, कोणी दानासाठी खिशात नाणे चाचपतो. पुढची प्रार्थना सुरू होते आणि तो देश मागे पडतो.

काही दिवसांपूर्वी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक काका आमच्याकडे आले. पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "फादर, राग मानू नका. सुदान नकाशावर कुठे आहे तेच मला ठाऊक नाही. आपण इथे प्रार्थना केली म्हणून तिथला गोळीबार थांबतो का? थांबत नसेल तर नुसते तोंडाने कशाला म्हणायचे?" आम्ही घाईत होतो. "विश्वास ठेवा काका," एवढेच बोललो. "बरं फादर," म्हणून ते निघून गेले. पण ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. इतक्या सरळ प्रश्नाला असे टाळणे बरे नव्हे, म्हणून हा लेख.

काकांच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा की परमेश्वर सर्वज्ञ आहे, सुदानमधील आईचे रडणे त्याला आपल्याआधी ऐकू येते, मग आपण त्याला काय नवे सांगतो? दुसरा प्रश्न अधिक बोचणारा आहे. प्रार्थना म्हणजे काही न करता काही केल्याचे समाधान तर नव्हे?

पहिला प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या एका विधवेला प्रार्थनेविषयी पत्र लिहिले होते. त्यात ते समजावतात की आपली गरज देवाला कळावी म्हणून आपण प्रार्थना करत नाही. तो जे देऊ इच्छितो ते घेण्याइतके आपले अंतःकरण मोठे व्हावे म्हणून करतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रार्थनेने देवाचे मन बदलत नाही, पण देवाने काही गोष्टी माणसांच्या प्रार्थनेच्या द्वारेच घडाव्यात असे योजिले आहे, असे ते सांगतात. शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. पीक देतो देवच, पण पेरणीशिवाय देत नाही. म्हणून कोणी पेरणीला देवावरचा अविश्वास म्हणत नाही. प्रार्थना ही तशीच एक पेरणी आहे. फरक इतकाच की येथे शेत दुसऱ्याचे असते आणि उगवलेले पीक बहुधा आपल्या दृष्टीस पडत नाही.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्याच घरातील गोष्ट सांगतो. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधून, कामधंद्यासाठी इकडे आली. तेथील आपल्या पणजोबांना विश्वासाचे धडे दिले ते मुख्यतः जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग त्यांच्यापैकीच. पुढे १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. १९१४ साली ते युरोपात असताना पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने त्यांना परत येऊ दिले नाही. इकडे भारतात जर्मन नागरिक शत्रू ठरले. नगरला त्यांच्यासाठी स्थानबद्धतेची छावणी उघडली गेली. १९१५-१६ साली 'गोलकोंडा' जहाजाने अनेक जर्मन मिशनऱ्यांना मायदेशी पाठवण्यात आले.

युद्ध युरोपातल्या राजांचे होते, पण मेंढपाळांवाचून राहिला तो नगरकडील खेड्यांतला कळप. पणजी-पणजोबांनी जर्मनी नकाशावर पाहिला नव्हता. तरी तिथल्या तोफेचा आवाज त्यांच्या वेदीपर्यंत पोहोचला. त्या वर्षांत पोप पंधरावे बेनेडिक्ट सतत शांततेसाठी याचना करत होते. १९१७ साली त्यांनी पवित्र मरियेच्या लितानीत 'शांतीची राणी' हे नाव कायमचे घातले. रोझरीनंतर आपण लितानी म्हणतो तेव्हा हे नाव आजही आपल्या तोंडी येते. त्या काळी दूरदूरच्या देशांत, आपले गाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा माणसांनी, युद्धाची झळ लागलेल्या सर्वांसाठी हे नाव घेतले. त्या 'सर्वांत' आपली माणसेही होती. आपला विश्वास टिकला तो गावोगावच्या मास्तरांच्या चिकाटीमुळे, घरोघरच्या आयांमुळे आणि उरलेल्या मोजक्या धर्मगुरूंच्या पायपिटीमुळे. पण त्यामागे अनोळखी माणसांची प्रार्थना नव्हतीच, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. ते एक ऋण आहे. ज्यांनी दिले त्यांना ते फेडता येत नाही. ते पुढच्या गरजवंताकडेच फेडावे लागते.

बिशप डोरिंग यांची कथा येथे संपत नाही. १९२० च्या दशकात त्यांनी जपानमध्ये हिरोशिमा भागाचे धर्माधिकारी म्हणून सेवा केली. १९२७ साली ते पुण्याला परतले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते पुण्याचेच धर्माध्यक्ष होते. ज्या शहरातील माणसे त्यांनी पाहिली होती ते शहर एका सकाळी बेचिराख झाले. हिरोशिमा हे नाव ऐकताच त्यांना चेहरे आठवले असतील. आपल्याला सुदान म्हणताना चेहरा आठवत नाही, आणि आपल्या प्रार्थनेचे दुखणे बहुधा हेच आहे.

तरीही काकांचा प्रश्न पुरता सुटत नाही, हे मान्य करायला हवे. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन येथे मदर तेरेसांच्या धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. चार धर्मभगिनी मारल्या गेल्या. त्यातील एक आपल्या झारखंडची होती. केरळचे सलेशियन धर्मगुरू फादर टॉम उझुन्नालिल यांचे अपहरण झाले. भारतभर त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या आणि १२ सप्टेंबर २०१७ रोजी ते सुटले. आपण आभार मानले, ते योग्यच झाले. पण मग त्या चार भगिनींचे काय? त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करत नव्हते का? गाझातील पवित्र कुटुंब चर्चला पोप फ्रान्सिस ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत असत. तरी १७ जुलै २०२५ रोजी त्याच चर्चवर मारा झाला आणि तिघांचा जीव गेला. असे का, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही ते सापडले नाही. आम्हाला एवढेच ठाऊक आहे की गेथशेमनीच्या बागेत प्रभू येशूनेही प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. न ऐकल्यासारख्या वाटणाऱ्या प्रार्थनेच्या जागी तो स्वतः उभा राहिलेला आहे. म्हणून तेथे उभे राहायला आपल्याला लाज वाटू नये.

आता दुसरा प्रश्न. प्रार्थना ही पळवाट आहे का? होऊ शकते. उपाशी माणसाला नुसते 'सुखाने जा' म्हणणाऱ्याला संत याकोब आपल्या पत्रात खडसावतो. पण मनापासून केलेली प्रार्थना सोपी नसते. एक तर ती आपल्याला निवड करू देत नाही. फक्त आपल्या ख्रिस्ती बांधवांसाठी रडायचे आणि ख्राईस्टचर्चच्या मशिदीत २०१९ साली किंवा काबूलच्या गुरुद्वारात २०२० साली मारल्या गेलेल्यांना विसरायचे, असे देवापुढे चालत नाही. दुसरे म्हणजे ती आपल्याला बंदूकधाऱ्यासाठीही हात जोडायला लावते. शत्रूंसाठी प्रार्थना करा, ही प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५). आपण राहतो त्या आळंदी-देहूच्या परिसरात हे कोणाला नवे नाही. ज्ञानेश्वर माउलींनी नगर जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी पसायदान मागितले ते साऱ्या विश्वासाठी. दुष्टांचा नाश व्हावा असे त्यांनी मागितले नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असे मागितले. आषाढात पालख्या आपल्या रस्त्यांवरून जातात तेव्हा हेही आपण आठवावे.

आणि तिसरे म्हणजे प्रार्थना दूरच्या माणसाला जवळ आणून बसवते. आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकांकडे एकदा वळून पाहा. चाकणच्या कारखान्यांत काम करणारी ओडिशाची, झारखंडची, ईशान्य भारतातील मुले तेथे बसतात. सुट्टी गुरुवारी असली तरी रात्रपाळी करून ती रविवारी मिस्साला येतात. २००८ साली कंधमाळमध्ये ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या. ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटले. त्या भागांतून आलेला कोणी आपल्या शेजारी बसलेला असू शकतो, आणि आपण वेदीवरून त्याच्या गावाचे नाव घेत असताना त्याचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नसते! खोली भाड्याने देताना आपणही त्याला चार वेळा विचारतो, 'कुठला रे तू?' आधी चौकशी करतो, नमस्कार मागाहून.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला हद्दपार झालेल्या लोकांना लिहिले होते की ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे (यिर्मया २९). आपण सारेच या उद्योगनगरीत कुठून तरी आलो आहोत. कोणी नगरचे, कोणी जालन्याचे, कोणी गोव्याचे, केरळचे, तामिळनाडूचे. कोणत्या भाषेची मिस्सा किती वाजता, यावरून आपल्यात झालेली बोलाचाली आम्ही विसरलेलो नाही. त्यात आमचाही आवाज चढला होता, हे येथे कबूल करतो. सुदानला शांती मागणाऱ्या तोंडाने शेजारच्या बाकावरील माणसाशी वर्षभर अबोला धरला, तर ती मागणी देवाने कशी घ्यावी? म्हणूनच प्रभूने सांगितले की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारपासून एक लहानसा प्रयत्न करू या. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दर आठवड्याला एकाच देशाचे नाव घेऊ. ते वाचून झाले की अर्धा मिनिट शांत राहू. तो देश कोठे आहे, तेथे काय चालले आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी आधी शोधून फलकावर लिहावे. आणि शांतीचा नमस्कार करताना, ज्याला आपण टाळतो त्याच्याकडे वळून हात जोडावेत. युद्धे यामुळे सोमवारी थांबणार नाहीत. पण आपण मागितलेल्या शांतीचा एक तुकडा तरी आपल्या हातून तयार झालेला असेल.

त्या काकांना आम्ही पुन्हा भेटलो. हे सारे त्यांना सांगितले आणि पहिल्या रविवारची प्रार्थना त्यांनीच वाचावी अशी विनंती केली. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. "आधी सुदान कुठे आहे ते नातवाला विचारतो," एवढेच म्हणाले.

शांतीची राणी पवित्र मरिया आपणा सर्वांसाठी, आणि आपण कधीही न भेटणाऱ्या त्या सर्वांसाठी, विनंती करो.

आपले धर्मगुरू