कचरा आपला, दार शेजाऱ्याचे



सप्टेंबर महिना आला की ख्रिस्तसभा आपल्याला परमेश्वराच्या निर्मितीकडे वळून पाहायला सांगते. निर्मितीच्या रक्षणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून १ सप्टेंबर ही तारीख पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ठरवून दिली. त्या दिवसापासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक धर्मग्रामांत हा निर्मितीचा काळ पाळला जातो. निर्मिती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जंगले, नद्या आणि डोंगर येतात. आज मात्र मला तुमच्याशी स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठेवलेल्या बादलीविषयी बोलायचे आहे. आपल्या शहरात त्या बादलीचा एक इतिहास आहे आणि तो विसरण्याजोगा नाही.

२०१८ चा फेब्रुवारी महिना तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. तेव्हा आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते. शहराचा रोजचा शेकडो टन कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावजवळच्या डेपोत नेऊन ओतला जात होता. ओला, सुका, काच, औषधे, सगळे एकत्र. त्या परिसरातील गावांनी दुर्गंधी सोसली, पेटलेल्या ढिगाऱ्यांचा धूर सोसला, विहिरींचे पाणी खराब झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या. २०१७ मध्येही त्यांनी आंदोलन केले आणि आश्वासन घेऊन ते थांबले. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुन्हा येऊ दिल्या नाहीत.

मग काय झाले? अवघ्या काही दिवसांत शहरातल्या चौकाचौकांत ढीग साचले. लोकांनी ते पेटवले आणि आपल्याच मुलांच्या छातीत धूर गेला. महापालिका दुसरी जागा शोधू लागली, पण जिथे गाड्या गेल्या तिथले लोक रस्त्यावर उतरले. मार्च महिन्यात मिटमिटा येथे दगडफेक झाली, लाठीमार झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभी राहू लागली.

त्या दिवसांत आपण सर्वांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हटले, "किती हा त्रास!" प्रिय बंधू-भगिनींनो, तो त्रास नवा नव्हता. फक्त त्याने पत्ता बदलला होता. जो वास आपल्याला काही आठवडे असह्य झाला, तो नारेगाव-मांडकीच्या माणसांनी तीस वर्षांहून जास्त काळ आपल्या वतीने घेतला होता.

लूकलिखित शुभवर्तमानात प्रभू येशूने श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला सांगितला आहे. दाखला नीट वाचा. त्या श्रीमंताने लाजराला मारले, शिवी दिली किंवा दारातून हाकलले, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तो रोज चांगले खात होता, चांगले नेसत होता, एवढेच. लाजर त्याच्याच दाराशी पडला होता आणि त्याने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. न पाहणे हाच त्याचा अपराध ठरला. आपल्या शहराचे दार नारेगावच्या बाजूला उघडत होते. त्या दाराशी कोण बसले आहे, हे आपण कितीदा पाहिले?

तत्त्वज्ञान शिकताना शब्दांकडे नीट पाहण्याची सवय लागते. आपण म्हणतो, "बाहेर टाकून दे." हे 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे? माझ्या घराबाहेर गल्ली आहे, गल्लीबाहेर वॉर्ड आहे, वॉर्डाबाहेर गाव आहे आणि त्या गावात कोणाचे तरी घर आहे. परमेश्वराच्या सृष्टीत कुणाचेच नसलेले असे 'बाहेर' त्याने निर्माण केलेले नाही. माझ्यासाठी जे बाहेर, ते दुसऱ्या कोणाचे तरी अंगण असते. इतके समजले तरी पर्यावरणाचा अर्धा धडा शिकून झाला.

आता बादलीत काय असते ते पाहू. आपल्या घरच्या कचऱ्यात मोठा भाग ओला असतो. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, शिळी पोळी. हाच ओला कचरा मातीत नीट मिसळला तर दीड-दोन महिन्यांत खत होतो. तोच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्या ढिगात टाकला तर त्याला हवा मिळत नाही. तो आतल्या आत सडतो आणि मिथेन नावाचा वायू सुटतो. हा वायू पेट घेतो, म्हणून कचऱ्याचे डोंगर धुमसत राहतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते आणि विहिरीपर्यंत पोहोचते. शिवाय ओल्याने भिजलेला कागद आणि पुठ्ठा विकला जात नाही. त्यावर पोट भरणाऱ्या कचरावेचक भगिनीच्या हाती त्या दिवशी दोन पैसे कमी पडतात.

बादलीतल्या भाताचा विचार तर वेगळाच करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. एक किलो तांदूळ पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागते. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात आपण राहतो. इथे ताटात टाकलेला भात म्हणजे सांडलेले पाणीसुद्धा आहे. अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरी करणे, अशा अर्थाचे उद्गार पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी काढले होते. विवेकतपासणी करताना आपल्याला खोटे बोलणे आठवते, राग आठवतो. फेकलेले अन्न कितीजणांना आठवते?

योहानलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना भोजन दिल्याचा प्रसंग आहे. भाकरी वाढल्या, लोक तृप्त झाले. ज्याने पाच भाकरींतून हजारोंना जेवू घातले, त्याला उष्ट्या तुकड्यांची काय गरज होती? तरीही काही वाया जाऊ नये म्हणून त्याने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करणारा प्रभू काटकसरही शिकवतो. भरपूर आहे म्हणून टाकून द्यावे, हा हिशेब त्याच्याजवळ नाही. जे पित्याकडून मिळाले त्याचा शेवटचा तुकडाही दान आहे, असे तो मानतो.

मग आपण काय करायचे? 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी अगदी घरगुती गोष्टी सुचवल्या आहेत: लागेल तेवढेच शिजवणे, कचरा वेगळा करणे, पाणी जपून वापरणे, प्लास्टिक टाळणे, नको ते दिवे बंद करणे, झाड लावणे. विश्वगुरूंच्या परिपत्रकात दिवा बंद करण्याचा उल्लेख यावा, याचे कोणाला नवल वाटेल. पण प्रीती ही अशा लहान कृतींतूनच अंगी मुरते. सद्गुण सवयीने घडतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले आणि संत थॉमस अक्वायनसने तेच ख्रिस्ती जीवनासाठी स्वीकारले.

आपल्या धर्मग्रामासाठी मी या महिन्यात चार गोष्टी सुचवतो. पहिली, घरात ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्या ठेवा. केंद्र शासनाच्या नियमांनी घरातच कचरा वेगळा करणे बंधनकारक केले आहे, म्हणजे हे नागरिक म्हणूनही आपले कर्तव्य आहे. दुसरी, फुटलेली काच, ब्लेड, सुया, सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून वेगळे द्या. घंटागाडीवरचा भाऊ ते हाताने उचलतो, आणि त्या हातांनाही वेदना होतात. तिसरी, ज्यांच्याकडे गच्ची किंवा अंगण आहे त्यांनी भोके पाडलेल्या जुन्या माठात किंवा ड्रममध्ये खत करून पाहावे. तळाशी पालापाचोळा, त्यावर ओला कचरा, वर मूठभर माती. वास आला तर समजा ओल जास्त झाली. आणखी सुका पाला टाका. चौथी, आपल्या सणाच्या आणि लग्नाच्या जेवणात थर्माकोल व प्लास्टिकची ताटे नकोत. आपल्या राज्याने २०१८ सालीच त्यांवर बंदी घातली आहे. स्टीलची ताटे भाड्याने मिळतात, आणि चार जणांनी मिळून ती घासली तर तेवढ्याच गप्पाही होतात.

काही जण म्हणतील, "फादर, आम्ही वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच टाकतात." तसे होत असेल तर ते चूक आहे आणि त्याबद्दल वॉर्ड कार्यालयात विचारलेच पाहिजे. पण ज्याच्या घरात एकच बादली आहे त्याने कोणत्या तोंडाने विचारावे? ज्या गल्लीत दहा घरे वेगळा कचरा देतात, त्या गल्लीचा शब्द ऐकावा लागतो. दुसरे म्हणतील, "कारखाने एवढा धूर सोडतात, माझ्या एकट्याच्या बादलीने काय होणार?" कारखान्यांची जबाबदारी मोठी आहे, आणि तुमच्या बादलीने ती कमी होत नाही. सरकारनेही आपले काम केलेच पाहिजे. परंतु न्यायाच्या दिवशी प्रभू मला कारखान्याचा हिशेब विचारण्याआधी माझ्या दाराशी बसलेल्या लाजराविषयी विचारील. तिथे शेजाऱ्याचे नाव पुढे करता येणार नाही.

पाण्याबद्दलही असेच आहे. आपल्या नळाला येणारे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून, पंपांनी वर चढवून आणलेले असते. त्या पंपांना वीज लागते आणि आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशापासून होते. म्हणून तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला किंवा गुलाबाला घालणारी आजी पाण्याबरोबर कोळसाही वाचवत असते. तिने कोणतेही परिपत्रक वाचलेले नसते. तिला मोल ठाऊक असते, कारण तिने डोक्यावर हंडा वाहिलेला असतो.

या आठवड्यात घरी एकदा सर्वांनी मिळून आपली बादली उघडून पाहा. मुलांनाही बोलवा. त्यातले काय खायला हवे होते, काय कोणाला देता आले असते, काय विकत आणायलाच नको होते आणि काय मातीला परत देता येईल, याचा विचार करा. त्यानंतर कुटुंबप्रार्थनेत आपला कचरा उचलणाऱ्या भावा-बहिणींसाठी आणि ज्यांच्या गावाजवळ तो जातो त्यांच्यासाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा. ज्यांच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो, त्यांच्या दारात घाण टाकणे हळूहळू जड जाऊ लागते.

हे परमेश्वर पित्या, तू केलेले सर्व चांगले आहे. तुझ्या दानातला एकही तुकडा आमच्या हातून वाया जाऊ देऊ नकोस, आणि आमच्या दाराशी असलेला शेजारी आमच्या डोळ्यांआड होऊ देऊ नकोस. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू