उरलेला वेळ

जालन्यात ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना हे सांगायला नको. नळाला आठवड्यानं पाणी येतं याचा त्रास वेगळा आणि कोणत्या दिवशी येईल हे माहीत नसतं याचा वेगळा. दुसरा जास्त पोखरतो. वार ठरलेला असेल तर बाकीचे दिवस बाई शेतात जाते, लग्नाला जाते, दुपारी जरा डोळा लावते. ठरलेला नसेल तर सगळा आठवडा कान नळाकडे.

माशाचंही असंच आहे. पोर्तुगालमध्ये लिओनोर गाल्यार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोझांबिक तिलापियावर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. तिलापिया म्हणजे आपली चिलापी; मूळची आफ्रिकेची, भारतात आली १९५२ साली. हे मासे अधूनमधून अरुंद जागेत कोंडले जात. काहींना त्याआधी दरवेळी एक ठरावीक खूण दिसे. इतरांच्या बाबतीत खूण आणि कोंडणं यांचा काही मेळच नव्हता. ज्यांना खुणेचा भरवसा होता, त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी आढळलं. कोंडणं दोघांच्याही वाट्याला होतंच.

खूण संकट टाळत नाही, मग दिलासा कशाचा? मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९६८ मध्ये मांडलेलं उत्तर मला पटतं: खूण भरवशाची असेल तर खूण नसलेला वेळ निर्धास्त होतो. खबर वाईट घडीची असते, पण तिच्यामुळे हाती लागतो तो उरलेला वेळ. खूणच नसेल तर प्रत्येक घडी संशयाची. शरीर सतत सावध राहतं, आणि सतत सावध राहणाऱ्या माशाची वाढ खुंटते, रोगाशी झुंजण्याची ताकद घटते.

म्हणून मला जालना तालुक्यातलं कडवंची आठवतं. पाणलोटाच्या कामानं सावरलेलं, द्राक्षांचं आणि शेकडो शेततळ्यांचं गाव. शेततळं म्हटलं की आता रोहू, कटल्याचं बीज सोडण्याचा विचार येतोच. काचेच्या टाकीतला निष्कर्ष उघड्या तळ्याला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही, जातही वेगळी. तरी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. खाद्य टाकणारा माणूस ज्या काठावर येतो, त्याच काठावरून, त्याच पावलांनी जाळं येऊ नये. नाहीतर रोजच्या खाद्याची चाहूलही भीतीची होते, आणि माशाला दिवसातली ती एक निर्धास्त घडीही उरत नाही. जाळं दुसऱ्या काठावरून यावं, आणि त्याआधी दरवेळी पाण्यात काठी आपटावी.