मागल्या बाकावरचे मुके दुःख

रविवारी उपासना संपली की दारात आपण एकमेकांना विचारतो, “काय, बरे आहे ना?” आणि उत्तर मिळते, “प्रभूची कृपा आहे.” हे उत्तर खोटे नसते, पण पुष्कळदा अपुरे असते. कोणाचा मुलगा व्यसनापायी घर सोडून गेलेला असतो. कोणाचा संसार आतून मोडलेला असतो. एखाद्या आईचे मूल जन्मापूर्वीच गेलेले असते व त्याविषयी घरातही कोणी बोलत नाही. मरणाच्या घरी मंडळी जमते. या दुःखांच्या घरी कोण जमणार? मग प्रश्न पडतो की, ज्याचे अंतःकरण रडत आहे त्याने उभे राहून स्तुतीचे गीत गाणे हे ढोंग नव्हे काय?

तरुणपणी मला ते ढोंगच वाटे. पण न गाणाऱ्याचाही मी न्याय करीत असे! मी शब्बाथशाळेत शिकवीत होतो तेव्हा मागल्या बाकावर एक बाई गीताचे पुस्तक उघडून नुसत्या उभ्या राहत. त्यांचा विश्वास थंडावला आहे, असे मी मनात ठरवून टाकले होते. त्यांच्या घरची हकिकत मला पुष्कळ वर्षांनी कळली. ती येथे सांगण्याचा मला अधिकार नाही.

त्या दिवशी मला एली याजक आठवला. शिलो येथे हन्नेचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. आणि एलीला वाटले, ही द्राक्षारस प्यायली आहे. परमेश्वराच्या मंदिरात म्हातारा झालेला माणूस, पण त्याला प्रार्थना ओळखता आली नाही. चूक उमजल्यावर मात्र त्याने तिला आशीर्वाद दिला. १ शमुवेल १ मधील पुढचा क्रम पाहा. शमुवेल नंतर जन्मला. हन्ना जेवली व तिचे तोंड उतरलेले राहिले नाही, ते त्याच दिवशी. पनिन्ना होती तशीच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे हन्नेने घरच्यांबरोबर भजन केले, तेव्हा तिची ओटी रिकामीच होती.

परंतु सर्वांचेच तोंड त्याच दिवशी उजळत नाही, हेही कबूल केले पाहिजे. अशांसाठी स्तोत्र ८८ आहे. शोकाची बहुतेक स्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. हे वळत नाही. देवाला आपला तारणारा म्हणून ते सुरू होते आणि अंधारात संपते. तरी त्याच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी आहे असे लिहिले आहे. म्हणजे हेमानाचे दुःख त्याच्या उशीखाली राहिले नाही, ते सर्वांनी गाण्याकरिता दिले गेले. ज्यांचे त्या दिवशी बरे चालले होते त्यांनीही ते गायिले असेल. असे असेल तर उपासनेतील गीत म्हणजे माझ्या एकट्याच्या मनाचा हिशेब नव्हे. ते मंडळीचे गीत आहे, आणि माझे तोंड मिटले तरी ते थांबत नाही.

त्या बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, “मास्तर, मला गाता येत नव्हतं. पण तुम्ही सगळे गात होता, म्हणून मी येत होते.”

आता मागल्या बाकावर कोणी मुके उभे दिसले की मी जरा मोठ्याने गातो. माझा सूर बरा नाही, हे आमच्या मंडळीला ठाऊक आहे.