निरुपद्रवीपणाची सनद

वटार, राजोडी, सत्पाळा या वसईच्या किनाऱ्यालगतच्या गावांतील वाड्यांत काय किंवा भाजी विकत आणणाऱ्या शहरी घरांत काय, दुधी चिरताना त्याची एक बारीक फोड जिभेवर ठेवून पाहण्याची, आणि ती कडू लागली तर सबंध फळ विनातक्रार टाकून देण्याची रीत जुन्या गृहिणींच्या हाताला पक्की बसलेली असते. दुधी, काकडी, दोडका यांच्या वेलवर्गात ‘कुकुरबिटासिन’ नावाची अत्यंत कडू द्रव्ये मुळातच असतात. लागवडीच्या वाणांतून माणसाने ती निवडीने जवळजवळ हद्दपार केली, तरी एखाद्या फळात ती पुन्हा उसळी घेतात, आणि तसा रस पोटात गेला म्हणजे उलट्या, जुलाब, जठरातील रक्तस्राव आणि एकाएकी कोसळणारा रक्तदाब असा अनर्थ ओढवतो. जीभ ही शरीराच्या जकातनाक्यावरील कारकून होय. आणि हल्लीच्या आरोग्यव्यापाराने तिलाच प्रथम रजा दिली आहे.

2010 मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेणारे एक शास्त्रज्ञ त्या रसानेच दगावले. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपून जातो, आणि ‘जितके कडू तितके गुणकारी’ अशी समजूत असलेला मनुष्य तोंड वाकडे करून पेला रिकामा करतो, यात नवल नाही. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने ज्या शिफारशी केल्या, त्या वाचून आजीबाईंना हसू आले असते: फोड चाखून पाहावी, कडू असल्यास टाकून द्यावी, दुसऱ्या रसात मिसळू नये, मळमळ किंवा उलटी झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण या विषावर खास उतारा नाही. एवढे होऊनही जून 2018 मध्ये पुण्यात चाळिशीतील एका स्त्रीचा दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झालाच.

रसाच्या पेल्यात निदान चव तरी उरते. कॅप्सूलमध्ये तीही उरत नाही. कोकमाच्याच कुळातील, केरळात माशांच्या कालवणात पडणारे मलबारी चिंचेचे फळ, म्हणजे ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’, याच्या सालीतील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल वजन उतरविते, अशी द्वाही गेली कित्येक वर्षे जगभर फिरविली जात आहे. कालवणात चार आमसुले पडतात, पाचवे पडले तर घरातली माणसे ताटावरून कुरकुरतात, आणि मात्रा आपोआप मर्यादेत राहते. अर्काच्या गोळीला असा कोणताच अटकाव नाही. 1998 मध्ये अमेरिकेत 135 स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे केलेल्या चाचणीत हा अर्क नुसत्या फसव्या गोळीहून सरस ठरला नाही. उलट, औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या तेथील संशोधकांच्या जाळ्याच्या दप्तरी 2004 ते 2018 या काळात अशी 22 प्रकरणे रुजू झाली, ज्यांत या फळाचा अर्क असलेली उत्पादने यकृताच्या इजेस कारण ठरविली गेली. बहुतेकांत त्याच्या जोडीला हिरव्या चहाचाही अर्क होता. लक्षावधी ग्राहकांच्या मानाने हा आकडा अल्प आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचा गुणच सिद्ध नाही, त्याच्यापायी यकृत पणाला लावण्याचा सौदा अल्प धोक्यातही महागच पडतो.

‘गुण आला नाही तरी अपाय तर नाही ना!’ हे या व्यापाराचे सर्वांत मोठे भांडवल, आणि ते परंपरेच्या नावावर खपविले जाते, याचा मला विशेष विषाद वाटतो. हिरड्याइतके कौतुक आयुर्वेदाने क्वचितच दुसऱ्या फळाचे केले असेल. पण सोळाव्या शतकातील भावमिश्राने त्याच हिरड्याविषयी लिहिताना वाटचालीने थकलेला, दुर्बळ, कृश, उपवासाने क्षीण झालेला, पित्ताधिक्य असलेला, तसेच गर्भवती स्त्री आणि रक्तमोक्षण केलेला रुग्ण यांना तो स्पष्ट वर्ज्य सांगितला. आजच्या त्रिफळ्याच्या किती डब्यांवर ही यादी सापडेल? अॅलोपॅथीच्या औषधांनाही दुष्परिणाम असतात, हा नेहमीचा प्रतिवाद खराच आहे. फक्त त्या दुष्परिणामांची कैफियत औषधासोबतच्या कागदावर छापलेली असते.

कायदा नाही असे नव्हे. 1940 च्या औषधविषयक कायद्याखाली आयुर्वेदिक औषधांना परवाना लागतो. परंतु 2010 च्या नियमाने ग्रंथोक्त औषधांना सुरक्षिततेच्या नव्या अभ्यासातून मुभा दिली. अन्नपूरक म्हणून विकावयाचे असल्यास 2016 च्या अन्नविषयक नियमांचा दुसरा दरवाजा उघडा असतोच, आणि तेथून आलेल्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी बारीक अक्षरांतील ओळ असते, जी ग्राहक ज्या कारणासाठी डबा घेतो त्या कारणालाच नाकारते.

या दोन दरवाजांमध्ये जी माणसे सापडतात, त्यांची तक्रार बहुधा दप्तरापर्यंत पोहोचतच नाही. विरारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ म्हणून विचारले, तर रुग्ण रक्तदाबाची गोळी सांगतो, साखरेची सांगतो. सकाळचा रस आणि रात्रीची कॅप्सूल सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती औषधेच नव्हेत. म्हणून डॉक्टरांनी औषधांबरोबर रस, चूर्ण, काढा यांचाही प्रश्न नेमाने विचारावा, त्यावरून आलेला संशय सरकारच्या औषधदक्षता केंद्राकडे लेखी कळवावा, आणि कोणी काय घेऊ नये याचा भावमिश्राने दिला तसा तपशील मराठीतून, ठळक अक्षरांत, डब्याच्या दर्शनी बाजूस छापण्याची सक्ती उत्पादकांवर व्हावी.