चुकीच्या दोन जाती

शांतपणें चालणारा मनुष्य बरोबरच चालतो असें मानण्याकडे आपला कल असतो. ही समजूत कितपत खरी, याचा निर्णय करण्यास कालमापनशास्त्रांतील एक उदाहरण आम्हांस फार उपयोगी वाटतें.

मनगटावरील घड्याळांतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदांत ३२,७६८ वेळां कंप पावतो. प्रयोगशाळेंतील उत्तम स्फटिक तर इतका एकसारखा चालतो कीं, बाजारांत मिळणारें सीझियमचें आण्विक घड्याळ सेकंदभराच्या कसोटीस त्याच्या मागें पडतें. वस्तुतः १९६७ सालीं सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्याच ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून ठरली. पण त्या अणूचें माप घेतांना थरथर होतेच. मात्र ती कधीं पुढें, कधीं मागें अशी असते. शंभर सेकंदांची सरासरी घेतली कीं ती दशांश उरते. स्फटिकाचा दोष निराळा. तो वृद्ध होत जातो. पृष्ठावर चिकटणारे सूक्ष्म कण, बैठकींतला हळूहळू सैल होणारा ताण, यांमुळें त्याची गति बहुधा एकाच दिशेस सरकते. सरासरी कितीहि लांबविली तरी ही चूक निवत नाहीं. उलट सांचत जाते.

मनुष्याची पारख करतांना आपण पहिल्या दोषावर कोरडे ओढतों आणि दुसऱ्यास स्थैर्य म्हणून मान देतों. रोज तिळभर तडजोड करणारा गृहस्थ कोणत्याहि दिवशीं कालच्याहून वेगळा दिसत नाहीं. वीस वर्षांनीं तो मूळ जागेपासून कोसभर दूर गेलेला असतो, आणि तरीहि त्याचें मन स्वस्थ असतें; कारण त्यानें आपली तुलना केवळ कालच्या स्वतःशीं केलेली असते.

मग चंचलपणा हा गुण समजावयाचा काय? मुळींच नाहीं. अणूची थरथर क्षम्य ठरते ती तिच्या मध्यभागीं अढळ निसर्गनियम आहे म्हणून. ज्यास मध्यच नाहीं, त्याच्या डळमळण्याची सरासरी काढून हातीं कांहींच लागणार नाहीं.

शास्त्रज्ञांनीं स्फटिक टाकून दिलेला नाहीं. आण्विक घड्याळांतहि तोच चालतो. अणु त्यास वारंवार वळणावर आणतो. इतकेंच नव्हे, तर एकट्या आण्विक घड्याळावरहि कोणी विसंबत नाहीं. पॅरिसजवळील वजनमापांचें आंतरराष्ट्रीय कार्यालय देशोदेशींच्या शेंकडों घड्याळांची तुलना करून जगाची वेळ ठरवितें. आपण किती सरकलों, हें कोणत्याहि घड्याळास स्वतःकडे पाहून कळत नाहीं. आपल्या सदसद्विवेकबुद्धीस या नियमांतून वगळण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.